माझ्या नक्षत्राची नांगी

माझा जन्म मूळ नक्षत्रावरचा. मुळावरची सून सासऱ्याच्या जिवावर उठते असं आमच्याकडे अजून मानतात. मुलगा मीच पसंत केला होता, लग्न ठरत आलं होतं, आणि कान्हे गावात राहणाऱ्या त्याच्या वडिलांनी पत्रिका पाहून पाय मागे घेतला. इथवर मी समजू शकते. पुढचा घोळ माझ्या बाबांनी घातला.

बाबांना आकाशाच्या जुन्या नकाशांचं वेड. लोणावळ्यातला एखादा जुना बंगला विकला गेला की भंगारवाल्याकडे हे आधी हजर. त्यातलाच एक परदेशी छापाचा नकाशा आमच्या हॉलमध्ये आहे. तारे बारीक, आणि त्यांच्यावर चितारलेली माणसं-जनावरं भलीमोठी. बाबा म्हणाले, "त्यांना घरी बोलाव. नक्षत्र म्हणजे नुसते चार ठिपके, हे मी दाखवतो." मी विनवलं, बाबा, चहा पाजा आणि गोड बोला. ऐकतील तर शपथ.

ते आले. बाबांनी त्यांना नकाशापुढे उभं केलं आणि मुळावर बोट ठेवलं. चित्रकाराने नेमकी तिथेच विंचवाची नांगी काढलेली, वर उचललेली, टोकाला लाल रंग.

"ह्यो इंचू हाय?"

"हो! आपलं मूळ म्हणजे त्याची नांगी," बाबा म्हणाले. माझ्या डोक्यात सणक गेली.

"मंग चावला कुनाला?"

इथे कोणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. बाबांनी रंगात येऊन ग्रीकांची गोष्ट सांगितली. एक शिकारी होता, पृथ्वीवरचं एकेक जनावर मारीन म्हणाला, म्हणून धरणीने विंचू पाठवला. शिकारी मेला. मग नकाशाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन तो शिकारीही दाखवला. "आपण ह्याला मृग म्हणतो."

"माजं मृगच हाय," माझे होणारे सासरे म्हणाले आणि खुर्ची शोधून बसले.

मला रडूही येत होतं आणि बाबांना ढकलून द्यावंसंही वाटत होतं. तेव्हा कुठे बाबा भानावर आले. "पण देवांनी दोघांना आकाशाच्या दोन टोकांना ठेवलंय. विंचू उगवला की मृग मावळतो. गाठच पडत नाही!"

सासऱ्यांनी नकाशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटाने अंतर मोजलं. "गाठ पडत न्हाई ना? मंग करू लगीन."

लग्न झालं. आणि त्या माणसाने ते वाक्य आजतागायत पाळलंय. मी पुढच्या दाराने आले की हे मागच्या दाराने गोठ्यात. बरं, माया नाही म्हणावं तर तसंही नाही. मला आवडतात म्हणून करवंदं पानात बांधून खिडकीत ठेवतात. मी तापाने पडले होते तेव्हा दाराबाहेरून नवऱ्याला विचारायचे, "खाल्लं का तिनं?" मला त्यांचा राग येतो, बाबांचा येतो, त्या विंचवाला लाल रंग देणाऱ्याचाही येतो. सासऱ्यांसमोर बसून एकदा चहा प्यावा, एवढंच मागतेय मी.

काल दोन कप घेऊन पडवीत गेले. "आबा, चहा."

"ठेव तितं," गोठ्यातून आवाज आला. "तू आत जा, मंग येतो. बिगीनं जा बाय, निवल त्यो."