ठमाबाईंची अर्धी ओळ

माझ्या सासूबाई, ठमाबाई, कोन गावच्या धवलारीण, म्हणजे लग्नातली गाणी, धवले, म्हणणारी बाई. आमच्या लग्नात भटजी उशिरा आला तरी चालतो, पण धवलारणीनं धवले गायल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. धवले पिढ्यान्‌पिढ्यांचे, ठरलेले. आईंची, म्हणजे सासूबाईंची, मात्र एक खोड. प्रत्येक नवरीसाठी त्या एक नवी ओळ बांधतात. ओळीचे तुकडे दोन. पहिल्यात नवरीसारखं काहीतरी रानातलं, दुसऱ्यात तिच्याबद्दल मनातलं.

फाल्गुन लागला की आई रानातलं शोधायला निघतात. आता रान कुठलं? शेतांवर गोदामं उभी राहिली. पण त्यांचं काही अडत नाही. हायवेच्या दुभाजकातली बोगनवेल, टपरीमागचा शेवगा, ट्रकच्या ताडपत्रीवर सांडलेला आंब्याचा मोहर, सगळीकडे त्यांना नवरीच दिसते.

मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांना काय दिसलं असेल? भर मांडवात गायल्या, "काट्यांची सावर गो दारान आली." मला चक्क काटेसावर म्हणाल्या! मी रागानं लाल! तेवढ्यात बँडवाल्यांनी वाजवायला घेतलं आणि माझी ओळ तिथेच बुडाली. तो राग मी सव्वीस वर्षं लोणच्यासारखा मुरवला.

यंदा लग्न माझ्या लेकीचं, क्षितिजाचं. ती मानकोलीच्या गोदामात खोके स्कॅन करते. पोर अबोल. ड्युटीवरून आली की हाक मारणार नाही, कडी वाजवणार नाही. दारावर नखानं दोनदा टुक टुक. मी कडी आधीच काढून ठेवलेली असते, तरी वाजवणारच. कधी काही मागितलं नाही तिनं. लग्न ठरलं तेव्हा एवढंच म्हणाली, "आजी, माझी ओळ पाहिजे हां."

आणि पाच गावांच्या नवरींना ओळी वाटणाऱ्या आईंना नातीची ओळ काही सापडेना. दिव्याखाली अंधार. जेवण कमी झालं त्यांचं.

"दुसऱ्या कुनाची ओल द्या आता," मी एकदा वैतागून म्हणाले.

"माज्या नातीला उष्टी ओल? न्हाय गो, त्यापेक्षा गानंच सोडीन."

गुडघे दुखतात म्हणून रोज सकाळी सोबतीला मला ओढू लागल्या. घरात लग्नाची शंभर कामं आणि आम्ही झाडं बघत फिरतोय! मी कुरकुरत जायची. एके दिवशी खाडीच्या बांधावर सावर फुललेली दिसली. अंगावर एक पान नाही, नुसती लाल फुलं, आणि त्यांत चोची बुडवून साळुंक्या, बुलबुल, कावळे. दोन खारीसुद्धा.

"काटेपण बघा," मी म्हणाले. जित्याची खोड.

आई माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुजी ओल तू अर्धीच आयकलीस का गो?" आणि तिथेच बांधावर उभ्या राहून त्यांनी ती पुरी गायली.

"काट्यांची सावर गो दारान आली,
तानेली पाखरां फुलान धाली."

तहानलेली पाखरं त्या फुलांत तृप्त झाली! माझ्या डोळ्यांना धार लागली. या बाईनं पहिल्याच दिवशी मला ओळखलं होतं आणि मी अर्ध्या ओळीवर सव्वीस वर्षं फुगून बसले होते. त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, "चला, ऊन चढलं" म्हणाले. त्यांच्या हातातली पिशवी तेवढी घेतली.

परत येताना एका गोदामाच्या भिंतीलगत एक उंबर लागला. वर तांबट बसला होता, हिरवा, कपाळावर लाल टिळा, आणि त्याचं एकसुरी चाललं होतं, टुक, टुक, टुक. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. रानातलं सापडलं होतं.

"आणि मनातलं?" मी विचारलं.

"मनान लई हाय गो. म्हनून तर येत न्हाय."

हळदीच्या सकाळी त्याच उंबराची फांदी मांडवात आणली. डीजेवाल्या हरेशला मी बजावलं होतं, मी मान हलवेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. आईंनी धवल्यातून देव बोलावले, गाव बोलावलं, झाडं-पाणी बोलावलं. मग क्षितिजाच्या गालाला हळद लावली आणि गायल्या, "उंबरावं तांबट गो टुकटुक करी..."

आणि थांबल्या. ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता. सगळा मांडव वाट बघत होता. क्षितिजा मान खाली घालून बसली होती. धवला संपला असं वाटून हरेशचा हात बटणाकडे गेला.

"हरेश, हात काढ!" मी ओरडले.

मी जन्मात धवला गायले नव्हते. माझा आवाज भाजीवाल्याला थांबवण्यापुरता. पण माझ्या लेकीची ओळ डीजेखाली बुडू द्यायची नव्हती, आणि मनातलं काय ते मला ठाऊक होतं. रोज संध्याकाळी मी तेच करत होते. बेसूर का होईना, गायले.

"दार उघडंच हाय गो, ये कवाबी घरी."

आईंनी पदर तोंडाला लावला. क्षितिजानं वर बघितलं नाही. हळदीनं भरलेला हात पुढे केला आणि माझ्या बांगडीवर नखानं दोनदा वाजवलं.