तिच्या किकला चालू होणारी गाडी

या ग्रुपवरचे अनुभव मी आजवर निव्वळ टाइमपास म्हणून वाचायचो. खाली कुणी ‘अंगावर काटा आला’ असं लिहिलं की हसायचो. माझा धंदाच तसा आहे. नांदेडला असतो, अपघात झालेल्या गाड्यांचे विम्यासाठी सर्व्हे करतो. ‘साहेब, गाडी आपोआप वळली हो’ असं सांगणारे नेहमी भेटतात. मी मान डोलावतो आणि रिपोर्टमध्ये लिहितो – चालकाचा निष्काळजीपणा. गाडी आपोआप काहीही करत नाही, हे मी छातीठोकपणे सांगायचो. आता जे सांगतोय त्यात भूतबित नाही. भीती तर अजिबात वाटली नाही. लाज वाटली... अजून वाटते.

कामासाठी बिलोलीला गेलो होतो. तिथे एका घराच्या गोठ्यात, पोत्यांखाली, जुनी मोटरसायकल दिसली. हँडलला दावं बांधलेलं, सीटवर कोंबडी बसलेली. घरमालक म्हातारे मामा म्हणाले, “लई वर्सं झाले, बंद हाय. न्या, जागा तरी मोकळी व्हईल.” मी ती भंगारात घेतली आणि ‘छोटा हत्ती’ टेम्पोत टाकून घरी आणली. मेकॅनिकला हात न लावू देता जुनी गाडी स्वतः उभी करायची, ही माझी हौस होती.

माझ्या बायकोला, ज्योतीला, त्यात वेगळाच रस होता. ती नायगाव रोडवरच्या एका खेड्यात शाळेवर आहे. जाताना जीपमध्ये कोंबून जायचं, येताना जीप भरेपर्यंत झाडाखाली ताटकळायचं. गाडी उतरवतानाच ती म्हणाली, “दुरुस्त झाली की मला शिकवा. मीच घेऊन जात जाईन शाळेला.” मी हो म्हटलं. हो म्हणायला माझं काय जात होतं?

मग सगळे रविवार अंगणात गेले. कार्बोरेटर साफ केला, रिंगा बदलल्या, नवीन प्लग टाकला, वायरिंग नव्याने ओढलं. करंट येतोय, पेट्रोल येतंय, कॉम्प्रेशन आहे... आणि गाडी सुरू होत नाही! किक मारून मारून पोटरीला गोळे आले. शेवटी नाक मुठीत धरून ओळखीच्या खलीलभाईंना बोलावलं. त्यांनी सगळं तपासलं, किका मारल्या, कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, “साहेब, इसमें तो कुछ बिघाडच नहीं है. लेकिन चालू नहीं हो रही.”

कुंपणापलीकडून शेजारचे काका-काकू मजा बघत होते. त्यातच ज्योती चहा घेऊन आली आणि म्हणाली, “मग मला कधी शिकवणार?” मी आधीच चिडलेलो. सगळ्यांसमोर म्हणालो, “आधी किक तर मारून दाखव!”

तिने ट्रे पायरीवर ठेवला, ओढणी बांधली आणि किक मारली.

एका किकेत सुरू. खलीलभाई तोंडात बोट घालून बघत राहिले. मी म्हटलं, योगायोग. बंद केली, मी मारली – नाही. काकांनी मारली – नाही. मग काकूंनी साडी खोचून गंमत म्हणून मारली... सुरू! तेव्हापासून एकही पुरुष ती गाडी चालू करू शकलेला नाही. मी चोक बदलून पाहिला, किकचा अँगल बदलून पाहिला. एकदा तर कुणी नसताना ज्योतीची चप्पल पायात घालून किक मारली. हेही लिहून टाकतो, आता काय लपवायचं.

पण बाहेर मी हे कुणाला कळू दिलं नाही. सकाळी गेट लावून घ्यायचो, ज्योती किक मारायची, मग मी गेट उघडून ऐटीत भाजी-किराण्याला बाहेर पडायचो. सुरू झालेली गाडी मी चालवली तरी चालायची, पण बंद पडली की मेली. म्हणून भाजी घेतानाही इंजिन बंद करायचो नाही. ऑफिसला रिक्षाने जायचो, तिथे मात्र फुशारकी – भंगारातली गाडी उभी केली राव! एकदा पेट्रोल पंपावर बंद करावी लागली. ज्योतीला फोन करायच्या ऐवजी भर उन्हात घरापर्यंत ढकलत आणली. आणि तिच्या शिकण्याचा विषय निघाला की, “बघू, गाडीचा भरोसा नाही अजून.”

शेवटी गाडीचा मागचा इतिहास विचारल्याशिवाय राहवेना म्हणून तिला घेऊन बिलोलीला गेलो. प्रेमाने नाही हो, किक मारायला!

मामा ओट्यावरच होते. गाडी बघून उभेच राहिले. “चालू झाली? कोनाच्यानं झाली?”

“माझ्याकडूनच,” मी म्हणालो. ज्योती माझ्याकडे न बघता ओढणीची गाठ सोडत राहिली.

गोठ्यातून त्यांची सून अनुसया बाहेर आली. शेणाचे हात पदराला पुसले आणि टाकीवर तळवा ठेवून उभी राहिली. मामा म्हणाले, “हिचीच होती. मुलगा हैदराबादला कामाला. ही दूध घेऊन डेअरीला जायची गाडीवर. लोक हसून राहिले, म्हून मीच चावी काढून घेतली. तवापासून बंद. माझ्यानं न्हाई, पोराच्यानं न्हाई.” मग म्हणाले, “तिला पुन्यांदा किक मारू द्यावी, हे काय सुचलंच न्हाई बगा.”

निघताना मला सगळ्यांसमोर किक मारावीच लागली. शर्ट भिजला. ज्योती पर्स धरून बाजूला उभी.

अनुसया तिला म्हणाली, “बाई, तू मारून बघ की.”

“त्यांनाच सांगू द्या,” ज्योती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

“ही सुरू करते,” मी म्हणालो. “पहिल्या दिवसापासून. मी खोटं बोललो.”

ज्योतीने किक मारली. एकाच किकेत सुरू. अनुसया तोंडाला पदर न लावता मोठ्याने हसली. “चालवता येती का गं?”

“शिकवनार हायेत,” ज्योती म्हणाली. ती मूळची लातूरजवळच्या मुरुडकडची, आपल्या माणसांत बोलते तशी बोलली. तिथेही तिने मला सांभाळून घेतलं.

मग मी पुढे बसलो. का, ते विचारू नका. ती मागे बसली आणि आम्ही निघालो. आरशात अनुसया बराच वेळ रस्त्यावर उभी दिसत होती.

इथे इंजिनिअर पुष्कळ आहेत, कार्बोरेटर ओव्हरफ्लो वगैरे लिहाल. लिहा. सगळं करून झालंय माझं, पत्ता लागत नाही. रिपोर्ट लिहायची वेळ आली तर कारणाचा रकाना कोराच ठेवावा लागेल. गाडी मात्र अगदी सुरळीत चालते. आज सकाळीही ज्योतीने किक मारली, गाडी सुरू झाली... आणि मी तिला जीपच्या स्टॉपवर सोडून आलो.