अण्णाचा माइक

माझा थोरला भाऊ वेंकटराव, आमचा अण्णा, इतका चांगला माणूस आहे, की त्याच्यावर चिडण्यावाचून दुसरा इलाज नाही. तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्लीत त्याचं अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. देवळाचे कर्णे, मांडवातले स्पीकर, नादस्वरवाल्यांचे माइक, सगळं त्याच्याकडे येतं. गेल्या वर्षी एका उत्सवात कमिटीतल्या कोणीतरी अँप्लिफायरवर कॉफी सांडली. तो जळाला. शंभर माणसांदेखत माफी कोणी मागितली? अण्णानं. ‘मीच उंचावर ठेवला असता तर सांडली नसती,’ म्हणे. छप्पन्न वर्षांचा आहे. लग्न केलं नाही. का, तर राहून गेलं.

मी नंदिता, त्याची धाकटी बहीण. सोलापूरला बारा वर्षं संसार केला, तो मोडला आणि सात वर्षांपूर्वी परत आले. तिथून आणलेली एकच गोष्ट कामाची निघाली, ती म्हणजे ही लिहायची मराठी. घरात अण्णाला देवनागरी वाचता येत नाही, आत्यालाही येत नाही. म्हणून दोघांबद्दल मनात येईल ते मी बिनधास्त लिहिते आहे.

आत्या म्हणजे वेंकूबाई, आमच्या वडिलांची बहीण. वय एक्याऐंशी. आमच्याच घरात राहते. आमच्या तंजावुरी मराठी लोकांच्या लग्नात बायका जी मराठी गाणी म्हणायच्या, ती आता तिच्याखेरीज कोणालाही येत नाहीत. न्हाणाची, विहिणीला शिव्या द्यायची, नलंगूची. नलंगू म्हणजे नवरानवरीला समोरासमोर बसवून नारळ लोटायचा आणि एकमेकांच्या डोक्यावर पापड फोडायचे, तो खेळ. तेव्हा गाणी बायकांनी म्हणायची आणि पुरुषांनी बाहेर बसून विडे चघळायचे, अशी रीत. चाळीसच्या वर गाणी आहेत. कुठं लिहिलेली नाहीत. मी पंधरा वर्षांची असताना आत्या शिकवायला बसली होती. ‘शी, कसली ती म्हातारी गाणी,’ म्हणून मी उठून गेले होते. हेही लिहून ठेवते, नाहीतर मी तेवढी शहाणी ठरायची.

दोन वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून एका सांस्कृतिक मंडळाची माणसं आली. ‘किती गोड बोलता हो तुम्ही!’ म्हणत आमच्याकडे दोनदा जेवली. आत्याला ऐन पंख्याखाली बसवून फोनवर तिचं गाणं घेतलं आणि महिन्याभरानं इंटरनेटवर टाकलं. खाली यंत्राचा तबला, वर मथळा: ‘तंजावूरच्या आजीची मोडकी मराठी’. मोडकी! तीनशे-साडेतीनशे वर्षं परक्या मुलखात राखली ती मोडकी, आणि यांची तेवढी धडधाकट! खाली शे-पाचशे लोकांनी हसरी तोंडं डकवलेली. शेजारच्या अखिलानं मोठ्या कौतुकानं ते आत्याला ऐकवलं. आत्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

‘हा माझा आवाज नव्हे,’ ती म्हणाली. ‘फोनापुढं मी आतां तोंड उघडीत नाही.’

आणि उघडलं नाही. स्वयंपाकघरात पडवळ चिरताना गुणगुणायची, पण फोन दिसला की ओठ बंद. एकदा मी तिची समजूत घालत होते, तेव्हा तिनं भिंतीवरच्या फोटोकडं बोट केलं. एकोणीस वर्षांची आत्या, तिरुचीच्या रेडिओ स्टेशनवर, पुढ्यात जाळीच्या डोक्याचा जाडजूड चंदेरी माइक. ‘त्याच्यापुढं श्वास घेतला तरी श्वासासारखा ऐकू यायचा. तसला आण, गाते.’

तोंडाला आलं ते बोलली म्हातारी. मी विसरून गेले. अण्णानं फोटो भिंतीवरून काढला आणि दुकानात नेला.

दोन महिन्यांनी परदेशातून खोकं आलं. आत पितळेची निकेल चढवलेली नळी आणि वर जाळीचं डोकं, थेट फोटोतल्यासारखं. मी आत वाकून पाहिलं तर ठणठण गोपाळ.

‘नुसतं टरफल मागवलंस?’

‘जीव आपण घालायचा, नंदू.’

मग जीव घालणं सुरू झालं, ते आठ महिने चाललं. अशा माइकच्या डोक्यात एक चकती असते. तिच्यावर प्लास्टिकचा पडदा, केसाहून कितीतरी पातळ, वर सोन्याचा मुलामा. आवाजानं तो पडदा हलतो, बाकी सगळी कारागिरी ते हलणं सांभाळण्याची. बोट लागलं की संपला. धूळ बसली की संपला. दमट हवेत तर कुरकुरायला लागतो, आणि कावेरीकाठी हवा दमट नसते कधी? अण्णा चकती काचेच्या बरणीत, ओल शोषणाऱ्या खड्यांच्या पुड्यांत ठेवायचा. पहिल्यांदा जोडलं तर नुसता घुंऽऽ आवाज. सगळं उकललं. दुसऱ्यांदा चरचर. का, तर एका रेझिस्टरला त्याच्याच बोटाचं तेल लागलं होतं. पुन्हा उकललं, स्पिरिटनं धुतलं, हातमोजे घालून जोडलं. दुकानात गिऱ्हाइकांचे अँप्लिफायर धूळ खात पडले. मी म्हणायचे, ‘अण्णा, होईल तेवढं पुरे कर.’ तो म्हणायचा, ‘तिला पुन्हा तसं ऐकायला लागू नये.’

सातव्या महिन्यात आत्याच्या गळ्यात लिंबाएवढी गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, काढावीच लागेल. आवाजाची नस गाठीला चिकटली आहे, आवाज राहील अशी हमी नाही. तारीख मिळाली विजयादशमीच्या दुसऱ्या दिवसाची. विजयादशमीला दुपारी चारला भरती. आत्याला सांगितलं, तर ती म्हणाली, ‘मग त्याच्याआधीं माइक होऊंदे.’ घाई नाही, काही नाही. घाई सगळी माझ्याच वाट्याला.

सरस्वतीपूजेच्या आदल्या संध्याकाळी माइक झाला. अण्णानं माझ्या कानांवर हेडफोन चढवले. माझ्याच बांगडीचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. बाहेर अखिला झाडू मारत होती, त्याची एकेक काडी कळत होती. मी ओरडले, ‘आत्या, ये, आत्ताच गा!’ आत्या नवरात्रात मांडलेल्या कोलूच्या बाहुल्यांपुढं सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, वाटत होती. ‘आतां नोको. पूजा झाली कीं परवां सकाळीं. विजयादशमीचा मुहूर्त सोडून आजच कां?’

आणि इथं मी माती खाल्ली. आमच्याकडं सरस्वतीपूजेला घरातली सगळी हत्यारं, वाद्यं, पुस्तकं देवापुढं बसतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. अण्णा म्हणाला, ‘माइक बरणीतच राहूं दे.’ मी म्हटलं, ‘स्क्रूड्रायव्हर बसतो, सोल्डरिंगची सळई बसते, हा काय आभाळातून पडलाय?’ अण्णा अर्थातच ‘बरं’ म्हणाला. मी माइक वीणेशेजारी पाटावर ठेवला, वर रेशमी फडकं घातलं आणि वडे तळायला गेले.

आत्यानं ते फडकं काढलं. चंदनात बोट बुडवून माइकच्या जाळीवर, ऐन कपाळावर लावल्यासारखा, ओला टिळा लावला. त्यावर कुंकवाची चिमूट दाबली. मग सांब्राणी धुपाच्या धुरात त्याला तीनदा ओवाळलं. तिच्या दृष्टीनं तिनं त्याला वीणेचा मान दिला. हे सगळं अण्णा दोन हात अंतरावर उभा राहून पाहत होता. आणि गप्प होता! आठ महिने ज्या पडद्यावर स्वतःचा श्वास पडू दिला नाही, त्याच्यात कुंकू सांडताना पाहिलं आणि हा माणूस हात जोडून उभा! मला कळलं ते दुसऱ्या दिवशी. ‘ती पूजा करत होती, नंदू. मधेंच कसं बोलायचं?’ पूजा झाल्यावर हात लावायचा नाही, म्हणून ओलं चंदन आणि कुंकू दिवसभर, रात्रभर तसंच आत मुरलं.

विजयादशमीच्या सकाळी माइक लावला, तर हेडफोनमध्ये तापल्या तेलात मोहरी पडल्यासारखं तडतडलं. अण्णानं जाळी उघडली. सोन्याच्या पडद्यावर लाल कण, आणि चंदनाचा एक ओघळ वाळून चिकटलेला. त्यानं मऊ कुंचल्यानं एक कण हलवला. पडदा फाटला. नवी चकती यायला तीन आठवडे. भरतीला उरले सात तास.

मी म्हटलं, ‘माझा फोन फुलांच्या हारात लपवते. ती या माइकपुढं बसेल, गाईल, तिला कळणारसुद्धा नाही.’

‘नाही,’ अण्णा म्हणाला.

‘का नाही?’

‘तिनं नोको म्हटलंय. तें चोरून घ्यायचं?’

एरवी कॉफीपासून सगळ्या जगाचा दोष अंगावर घेणारा हा माणूस नेमका इथं ताठ उभा राहिला. मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही. तेवढ्यात आत्या आली. न्हाऊन, नऊवारी रेशमी नेसून, केसांत कनकांबराचा गजरा. माइकपुढं मांडी घालून बसली, घसा खाकरला.

‘आत्या,’ अण्णा म्हणाला, ‘माइक चालत नाही. माझं सोल्डरिंग चुकलं.’

त्या क्षणी माझं डोकं फिरलं. ‘खोटं! तुझ्या कुंकवानं मेला तो! आठ महिने रक्त आटवलं त्यानं, आणि तू टिळा लावलास!’

अण्णानं खाली पाहिलं. आत्यानं माइककडं पाहिलं, मग अण्णाकडं, मग माझ्याकडं. तिच्या डोळ्यांत पाणी येईल असं वाटलं. आला तो राग.

‘माइक मेला तर मेला. तूं जिवंत आहेस कीं नाही? घरांत बाईमाणूस एक, आणि गाणं कोणाला द्यायचं, तर पितळेच्या नळीला! बस इथं. आज विद्यारंभाचा दिवस आहे.’

‘आत्या, मला गाता येत नाही.’

‘बस म्हणतें ना!’

बसले. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, शाळेतल्या पोरीसारखी. ती एक ओळ म्हणायची, मी म्हणायचे, ती माझ्या गुडघ्यावर चापट मारायची. पुन्हा. मी हळूच म्हटलं, ‘निदान फोन ठेवू?’ ‘ठेवलास तर उठतें.’ अण्णा उंबऱ्यापलीकडं बसून मेलेला माइक उकलत होता. दुपारी साडेतीनपर्यंत एक गाणं झालं, विहिणीला शिव्यांचं. नलंगूचं दुसरं अर्ध्यावर होतं, तेव्हा रिक्षा दारात आली.

चाळीसपैकी दीड. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली की दीड घागरच पाणी मिळतं.

ऑपरेशन नीट झालं. गाठ गेली. नसही गेली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, त्यामुळं चिडायलाही कोणी मिळालं नाही. आत्याला आता फक्त कुजबुजता येतं. शब्द सगळे आहेत, सूर एकही नाही.

तीन आठवड्यांनी ती घरात हिंडूफिरू लागली. त्या दिवशी दुपारी तिनं मला खुणेनं समोर बसवलं आणि नलंगूच्या गाण्याची पुढची ओळ कुजबुजली. शब्द कळले. चाल? तिनं तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा ताणल्या, नुसती हवा आली. मी अंदाजानं एक चाल लावली. तिनं मान हलवली, नाही. दुसरी लावली. नाही. तिसरी. तिनं गुडघ्यावर इतक्या जोरानं चापट मारली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिच्याही.

‘वर जातं तें, नंदू,’ उंबऱ्यापलीकडून अण्णा म्हणाला. त्याचे डोळे हातातल्या कामावरच होते. ‘तिसऱ्या शब्दावर वर, आणि मग असं खाली.’ आणि त्यानं ती ओळ शब्दांशिवाय गुणगुणली.

आत्याची मान हलायची थांबली. तिनं हळूच होकार दिला. अण्णानं पुढची ओळ गुणगुणली. पुन्हा होकार. त्याच्या पुढची. होकार.

‘अण्णा,’ मी म्हटलं, ‘तुला किती येतात?’

‘चाली? येतात बऱ्याचशा. लहानपणापासून भिंतीपलीकडून ऐकतोंय.’

‘मग आजपर्यंत तोंड का नाही उघडलंस?’

तो खरंच गोंधळला. मी काहीतरी अचाट विचारलं असावं, तसा.

‘बायकांची गाणी ना तीं,’ तो म्हणाला. ‘मी कसा म्हणणार?’

माझ्या हातात पाण्याचा लोटा होता. तो मी भिंतीवर फेकून मारला. आठ महिने! परदेशातून पितळ, सोन्याचा पडदा, बरणी, हातमोजे, आणि सगळं गाणं याच्या डोक्यात, उंबऱ्याबाहेर, रीतीप्रमाणं गप्प! मी काय काय ओरडले ते मलाही आठवत नाही. आत्या भिजलेल्या भिंतीकडं पाहत राहिली. मग तिनं हात पुढं केला, अण्णाकडं बोट दाखवलं आणि माझ्या शेजारची जमीन थोपटली.

अण्णा उठला. उंबऱ्याशी थबकला. आत्यानं पुन्हा जमीन थोपटली, या वेळी रागानं. तेव्हा कुठं तो आत आला आणि बसला. त्याचे कान लाल झाले होते. आत्यानं त्याच्याही गुडघ्यावर एक चापट ठेवून दिली.