सोनवणेकाकांची पाण्यातली बाग

सोनवणेकाका गेल्याचा फोन अंबड एमआयडीसीतल्या कंपनीत आला, तेव्हा माझी शिफ्ट नुकतीच संपली होती. सहा आठवडे झाले त्याला.

नव्वदच्या दशकात दिंडोरीजवळच्या गावातून मी बीएस्सीला नाशिकला आलो. घरात दहावीपुढे कुणी गेलं नव्हतं. सोनवणेकाका वडिलांच्या ओळखीतले, ओझरच्या कारखान्यात नोकरीला. त्यांनी आपल्या नाशिकच्या घरातली मागची खोली मला दिली. हॉलमध्ये चार फुटी काचेची टाकी होती, आत नुसती हिरवी झाडं. पाहुणे विचारायचे, यात मासे कुठे आहेत? काका म्हणायचे, “आहेत की. पण ते भाडेकरू, बाग मालकीची.”

एका दिवाळीत काका-काकू गावी गेले आणि टाकी माझ्यावर सोपवली. पानांवर केसांसारखं शेवाळ धरलं. आमच्याकडे द्राक्षबागेसाठी आणलेला मोरचूद विहिरीतल्या शेवाळावरही टाकत. मी तीच निळी पूड थोडी पाण्यात सोडली. शेवाळ विरलं, पण आधी गोगलगायी तळाला पडल्या, मग सगळे मासे गेले. आता खोली सोडावी लागणार म्हणून मी पिशवी भरून ठेवली. काका परतले तेव्हा मी कबुली दिली. त्यांनी टाकीत वाकून पाहिलं. मग माझ्याकडे वळले.

“पिशवी कशाला भरलीस? परवा पेपर आहे ना तुझा?”

पेपर झाल्यावर आम्ही दोघांनी टाकीतली वाळू धुतली, नवे मासे सोडले. शेवाळ मारत बसायचं नसतं, ते म्हणाले. उजेड आणि खाणं जास्त झालं की ते येतंच. टाकीवरचा दिवा आठ तास, खाणं चिमटीभर, रविवारी थोडं पाणी बदलायचं. त्या घरातूनच मी पदवीधर झालो.

काका गेल्यावर पंधरा दिवसांनी त्यांच्या घरी गेलो, तर टाकीतलं काहीच दिसत नव्हतं. पाणी हिरवंगार, काच बुळबुळीत. काका जाण्याआधी महिनाभर काकूंची त्यांच्यासाठी दवाखान्यात ये-जा चालू होती. काकांनी त्यांना माशांकडे बघायला सांगितलं होतं. घरात कुणी नाही, निदान अंधार तरी नको, म्हणून त्यांनी दिवा बंदच केला नाही आणि खाणंही दुप्पट घातलं. मासे पाण्याच्या वर तोंडं काढून धापा टाकत होते.

मी निम्मं पाणी बदललं. शेवाळाचा उजेड तोडायला आता तीन दिवस टाकी झाकून ठेवू, म्हणालो. काकूंनी पलंगावरची चादर आणली, पण हातातून सोडेनात.

“तोंडावर कापड नको रे टाकूस, रमेश.”

मी चादर परत घडी केली. तेव्हापासून रविवारी जातो, एकेक पान बोटांनी पुसतो. झाडं धरतील असं वाटतंय. संध्याकाळी दिवा काकू स्वतः बंद करतात. मग खुर्ची टाकीला लावून, डोळे अंधाराला सरावेपर्यंत माशांजवळ बसून राहतात.