आजपासून रुजू

पावणे एमआयडीसीतल्या आमच्या, ट्यूबमध्ये मलम भरायच्या कंपनीला गेल्या वर्षी एका मोठ्या कंपनीने विकत घेतलं. आधी गेटवरची पाटी बदलली, मग आमचे ॲप्रन. आणि एका सोमवारी पुढ्यात दोन कागद आले: जुन्या कंपनीचा राजीनामा आणि नव्या कंपनीचं नेमणूकपत्र. दोन्हींवर सही करायची.

मी हिंगोलीकडची, सातवीत शाळा सोडलेली. सावकाश वाचते, पण वाचते. नेमणूकपत्रात होतं, ‘मी आजपासून रुजू होत आहे.’

आजपासून? मग मागची अकरा वर्षं?

शेजारच्या मशीनवरची बाई कधीच सही करून मोकळी झाली होती. “कर ना गं सही. तुला काय कलेक्टर व्हायचंय?”

“अकरा वर्षं पुसतायत, बघ की.”

“पगार तोच हाय ना? टेन्शन कशाला घेते मग?”

टेन्शन होतंच. इथे माझं कुणी नाही. तुर्भ्याची खोली, गावाकडे आई, सगळं या नोकरीवर. आणि उपकारही आहेत. शाळेचा दाखला न मागता जुन्या शेठनी मला मशीनवर उभं केलं. ते मी विसरणार नाही. पण त्यासाठी स्वतःला खोडून टाकायचं, हे पटेना.

नवे साहेब माझ्या भाच्याच्या वयाचे. म्हणाले, “मावशी, फक्त फॉर्मॅलिटी आहे.”

“साहेब, मी रुजून अकरा वर्षं झाली. एवढं झाड उपटून कुणी परत लावतं का?”

ते हसले. “मावशी, रुजू वेगळं, रुजणं वेगळं. दोन शब्द आहेत ते.”

असतील. मी इतकी वर्षं एकच समजत होते, आणि चूक कळल्यावरही ती मला सोडवेना.

“मग ‘आजपासून’ खोडा, माझी जुनी तारीख घाला. लगेच सही करते.”

“तसं नाही करता येत. काम आवडत नाही का तुम्हाला?”

“आवडतं म्हणून तर भांडतेय. नाहीतर सही करून कधीच गेले असते.”

“लेखी द्या मग.”

दिलं. तिथेच बसून. वेलांट्या चुकल्या असतील, तारीख चुकली नाही.

जेवणाच्या सुट्टीत शेजारची हळूच म्हणाली, “केलेली सही परत मागता येते का गं?”

“माहीत नाही. मागून बघू. कागद आण.”

उत्तर अजून दोघींनाही आलेलं नाही. कामावर मात्र रोज जाते. कुणी विचारलं, की सांगते, अकरा वर्षं झाली, बारावं चालू आहे.