बेटाचा बेत

भूगोलाच्या सरांनी फळ्यावर एक वेडावाकडा गोल काढला, त्याच्याभोवती लाटांच्या रेघा मारल्या आणि म्हणाले, "या वर्षी सहल इथं."

मी मागच्या बाकावर होते. तिथून तो गोल मला कडेला करपलेल्या भाकरीसारखा दिसला. सर सांगत होते, कोकणच्या किनाऱ्यासमोर हे लहानसं बेट आहे, होडीनं जायचं, पांढरी वाळू, नारळाची झाडं, कोळ्यांची थोडी घरं. आधी किनारा बघायचा, भरती-ओहोटी बघायची. शेवटचा दिवस मोकळा.

"मोकळा म्हणजे काय सर?" एका मुलानं विचारलं.

"मोकळा म्हणजे मोकळा. वाळूत बसायचं."

"आणि काय करायचं?"

"काही नाही."

सगळा वर्ग हसला. काही न करण्यासाठी माणसं इतक्या लांब जातात, हे आमच्यातल्या बहुतेकांना नवीन होतं. मी हसले नाही. मला ते फार आवडलं होतं, आणि आवडलं हे कुणाला कळू नये म्हणून मी वहीत तो गोल काढत बसले.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्या नव्या होत्या, काहींवर रंगाखालून जुन्या जिल्ह्याचं नाव अजून दिसायचं. जिल्हा आला, पण पाऊस आला नाही. आमच्या वसतिगृहात मुलीमागे एक बादली पाणी मिळायचं. आणि इथं सर चारी बाजूंनी पाणी असलेल्या जागेबद्दल बोलत होते.

अडचण एकच होती. वर्गात आम्ही चौघी मुली. ज्या बाई सोबत येणार होत्या त्यांचं बाळ लहान होतं. प्राचार्य म्हणाले, मुलींपैकी कुणाच्या तरी घरची वडीलधारी बाई सोबत आली तरच मुली जातील, नाहीतर फक्त मुलं. नाव सोमवारी सांगायचं.

एकीच्या घरी लग्न होतं. दुसरीच्या आईला होडीची भीती. माझ्या खोलीतली मैत्रीण भोकरकडची, तिनं नांदेडला फोन करून निरोप धाडला होता. उत्तर आलं की तिच्या बापाला स्टो पेटवता येत नाही, त्यामुळे आई येऊ शकत नाही.

"आता तूच राहिलीस," ती म्हणाली. "काय विचार करून राहिलीस गं? जा ना घरी, विचार!"

मी विचारणारच नव्हते. माझी माय दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची, आणि कामाच्या आधी आणि नंतर पाणी आणायची. तिला समुद्रावर चल म्हणायला माझी जीभ उचलेना. पण मैत्रिणीनं मला बसमध्ये बसवूनच दिलं.

आमचं गाव देवणीकडचं. पोचले तेव्हा माय भाकरी थापत होती. बा बाहेर बाजेवर बसला होता. बा गवंडी. नवा जिल्हा झाल्यापासून त्याला लातुरात भरपूर काम होतं, पण पाणीच नाही म्हटल्यावर सिमेंट कशात कालवणार? बांधकामं थांबली आणि बा घरी आला.

मी चुलीजवळ बसले. बराच वेळ काटक्या सरकवल्या. मग एका दमात म्हणाले, "माय, कॉलेजची सहल जातीया बेटावर. पोरीसंगं एक बाई मानूस पायजे. तू येतीस का?"

"येते की," माय म्हणाली.

मला खरंच वाटेना.

"काठी घ्या मातर," ती भाकरी उलटत म्हणाली. "सापं लई हाईत तितं. अन् येवड्या लातुरास्नं पोरं आनून बगायचं काय हाय त्या बेटात?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या गावात बेट एकच. ओढ्यापलीकडचं वेळूचं बेट, म्हणजे बांबूची दाट जाळी.

बाहेर बा इतका हसला की बाज कुरकुरली.

मग मी चुलीतली राख जमिनीवर पसरली आणि सरांसारखा गोल काढला. "ही जमीन. अन् ह्ये समदं पानी."

"चारी अंगानं?"

"चारी अंगानं."

"मंग प्याचं पानी कुटलं?" तिनं लगेच विचारलं. हा प्रश्न वर्गात कुणालाच सुचला नव्हता.

"ते खारं असतंय. पन तितं गोड्या पान्याची हीर हाय म्हनं."

"तितनं कोन आनायचं?"

"तितल्याच बाया. जेवनबी त्याच करनार. आपून पावनं."

मायचा हात परातीत तसाच राहिला. "म्हंजे मला घागर न्हाई?"

"न्हाई."

"मंग मी काय करायचं?"

"बसायचं. वाळूत."

"निस्तं?"

"निस्तं."

तिनं पिठाच्या हातानंच पदर तोंडाला लावला आणि खूप हसली. नाकाला पीठ लागलं तरी हसत राहिली. आणि मग हसता हसताच थांबली. "अन् हितलं पानी कोन भरंल?"

आमच्या गल्लीत डोक्यावर घागर घेतलेला पुरुष मी कधी पाहिला नव्हता. विहीर माळापलीकडे, वाट सगळी दगडांची, तिथं सायकल चालत नव्हती. बा पत्र्याकडे बघत बसला. मी राखेतला गोल हातानं पुसला आणि जेवायला पानं घेतली.

सकाळी मायबरोबर मी पाण्याला गेले. रांगेतल्या बायकांना तिनं आपणच सांगितलं, "पोरगी मला समुद्रावर न्ह्यायला आलीया." जायचं नाही हे ठरल्यासारखंच ती बोलत होती, गंमत म्हणून. पण बायकांनी गंमत पुढे नेली.

"मला शंख आन."

"तितलं पानी कॅनात भरून आन. मीठ तर इकत घेवं लागनार न्हाई."

"अगं, ही एकदा बसली तर उटंल का माघारी?"

तेवढ्यात एकीनं माळाकडे बोट केलं. माळावरून बा येत होता. हातात आमची दुसरी घागर, पोराला कान धरून ओढत आणावं तशी.

"गवंडीबुवा, वाट चुकलाव का?" एक म्हातारी म्हणाली.

"न्हाई मावशी. शिकायला आलो."

जो काही गलका झाला! मायनं पदरानं तोंड झाकून घेतलं. बानं घागर भरली आणि काखेत घेतली. "ते काय लेकरू हाय व्हय? डोईवर घ्या!" पाच-सहाजणी ओरडल्या. मायनं आपली चुंबळ त्याच्या डोक्यावर ठेवली, दोघींनी घागर चढवली आणि बा निघाला. "जल्मभर घमेली उचलली म्या," तो म्हणाला, पण मान अशी ताठ की शब्द दातातूनच येत होते. प्रत्येक दगडाला पाणी हिंदकळायचं. घरी पोचला तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता.

मायनं घागरीत डोकावून पाहिलं. "निम्मं सांडलं."

"निम्मं आलं की," बा म्हणाला.

माय त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मंग मी येस्तवर निम्म्यातच भागवा." आणि माझ्याकडे वळून, "माजं नाव लिव."

दुपारच्या बसला अजून वेळ होता. आम्ही बेत करत बसलो. धपाटे किती, शेंगदाण्याची चटणी कशात बांधायची, समुद्रात उतरताना लुगडं कसं खोचायचं. मध्येच माय उठून उंबऱ्यावर गेली आणि पाय पसरून बसली. "असं बसायचं?"

"व्हय, असंच."

"अन् हात कुटं ठिवायचे?"

तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवून पाहिले, मग जमिनीवर टेकवले, मग उगाच पदराचं टोक चोळायला लागली. "शिकावं लागंल," ती म्हणाली.

सहलीच्या दिवशी बा आम्हाला सोडायला लातूरच्या बसस्थानकावर आला. गाडीत चढताना मायनं पिशवीत हात घालून चुंबळ काढली आणि त्याच्या हातात दिली. "रांगंत लवकर हुबं ऱ्हावा. म्हातारीला फुडं जाऊ द्या."

बानं इकडं-तिकडं बघितलं. माणसं भरपूर होती. तरी त्यानं टोपी काढली, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि हात कमरेवर ठेवून उभा राहिला.

"काका, शोभून राहिलं बरं!" भोकरची मैत्रीण खिडकीतून ओरडली.

गाडी स्थानकाबाहेर वळेपर्यंत माय हसत होती. मग तिनं पदर नीट केला, पाय सीटखाली सरकवले आणि खिडकीला टेकली.

"का गं," तिनं विचारलं, "आत्ताबी मी निस्ती बसलीच हाय की. ह्ये त्याच्यात धरत्यात का?"

"न्हाई माय. ते वाळूत बसल्यावर."

"म्हंजे आनिक हायच व्हय?" ती म्हणाली, आणि पुन्हा हसायला लागली.