त्रिवारांचं यंत्र

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत त्यांना सगळे त्रिवार म्हणायचे. खरं नाव पगाराच्या पाकिटावर असेल तेवढंच. शहरातल्या पंपांच्या नोंदी ठेवणारा कॉम्प्युटर त्यांच्या ताब्यात होता आणि संध्याकाळी तो बंद करायची त्यांची एक रीत होती. आधी 'सिंक' असा हुकूम टाईप करायचा. म्हणजे यंत्राने नुसतं डोक्यात धरून ठेवलेलं सगळं डिस्कवर उतरवून घ्यावं. मग पुन्हा सिंक. मग पुन्हा. आणि मग 'हॉल्ट', म्हणजे आता थांब. जुने ऑपरेटर सगळेच असं करत, पण बाकीचे एका दमात तिन्ही बडवून जेवणाचा डबा उचलून चालू लागायचे. त्रिवार मात्र प्रत्येक सिंकनंतर हात मांडीवर ठेवून, मान तिरकी करून, डिस्कची कुरकुर थांबेपर्यंत बसून राहायचे. दारात खोळंबलेला पहारेकरी किल्ल्या वाजवायचा.

"साहेब, आज झोपवताय की अंगाई म्हणताय?"

"थांब रे. अजून गिळतंय ते."

घरीही तेच. सकाळी निघताना बुटात पाय घालता घालता एक "येतो", उंबऱ्यावर दुसरा, जिन्याच्या वळणावर तिसरा. आतून बायकोने तिसऱ्याला "या" म्हटलं की मगच पावलं खाली वाजायची. बायको कपडे शिवायची, सगळी बिल्डिंग तिला शिवणकाकू म्हणायची. तोंडात टाचण्या धरून ती पुटपुटायची, "एकदाच येतो म्हणून गेलात तर रस्ता आत घेणार नाही का तुम्हाला?"

"पहिल्याला नुसतं ऐकलं जातं," त्रिवार जिन्यातून सांगायचे. "दुसऱ्याला काम सुरू होतं. तिसऱ्याला खात्री."

"मग म्हणा तीनदा. लग्नही तीनदा करायचं होतंत."

"त्याला पहिल्यांदाच खात्री झाली."

तर अशा माणसाला बूट चढवतानाच झटका आला. एक बूट पायात, एक हातात. पहिला "येतो"सुद्धा निघाला नाही.

इस्पितळातून परत आले ते उजवा हात आणि बोलणं तिथेच ठेवून. डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या, पण बाईंनी आशेला जागा ठेवली नाही. भाषेचा भाग गेलाय, म्हणाल्या. बोलता येणार नाही, लिहिताही येणार नाही. समजतंय किती, ते सांगता येत नाही. आणि एक, तेच तेच करत राहतील. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा. त्यावरून काही धरून बसू नका.

काकूंचा धाकटा भाऊ हे ऐकून लगेच कामाला लागला. "ताई, मी आपलं स्पष्ट बोलतो," हे त्याचं प्रत्येक वाक्याचं दार. "शहराबाहेर सेवाकेंद्र आहे. बाग आहे, नर्स आहे. मी नाव घालून ठेवलंय, पुढच्या सोमवारी कळवायचंय. तू शिवणार की यांना भरवणार? आणि ताई, स्पष्ट बोलतो हं, भाऊजींना आता घर काय आणि केंद्र काय."

काकूंनी दोरा दाताने तोडला. "घर काय आणि केंद्र काय हे त्यांना कळत नसेल तर ने. पण कळत नाही हे मला आधी कळू दे. हे आत आहेत की नाहीत, एवढंच मला बघायचंय."

"बघणार कसं?"

तेच तर काकूंना ठाऊक नव्हतं. पण शिवणाऱ्या बाईचं लक्ष हाताकडे असतं. त्रिवार दिवसभर इस्त्रीच्या टेबलाशी बसायचे आणि डाव्या हाताने कडेवर ठोके द्यायचे. चार हलके, एक जोरात. थांबायचे. पुन्हा चार हलके, एक जोरात. भाऊ म्हणाला, बघ, तेच तेच. काकूंनी मुलीला फोन लावला.

मुलगी लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होती; लिफ्टच्या कंट्रोल कार्डांना सोल्डरिंगचे डाग देण्यात तिचा दिवस जायचा. ती आली, बाबांच्या हाताकडे बघत राहिली, आणि म्हणाली, "आई, शेवटचा जोरातला ठोका म्हणजे एंटर आहे गं."

यंत्र घरातच होतं. कचेरीने नवे कॉम्प्युटर घेतले तेव्हा त्रिवारांनी जुनं घोंगडीत गुंडाळून टॅक्सीने घरी आणलं होतं आणि इस्त्रीच्या टेबलाखाली सरकवलं होतं. करड्या रंगाचा चपटा, जड डबा, सोबत पडदा आणि कीबोर्ड. वर्षानुवर्षं त्यावर अस्तराच्या कापडाचे गठ्ठे. मुलीने झाकण उघडलं तर आत रंगीबेरंगी धाग्यांचा मऊ थर.

"आई, तू याला आतून उशी शिवलीयस."

"थंडी लागत असेल बिचाऱ्याला," काकू म्हणाल्या. झटक्यानंतर त्या घरातला तो पहिला विनोद.

चालू केलं तर यंत्र स्वतःलाच ओळखेना. त्याची ओळख, म्हणजे आपण कोण, कुठली डिस्क पकडून उठायचं, हे सगळं एका छोट्या चिपमध्ये असतं, आणि त्या चिपच्या पोटातला सेल कधीच मेला होता. पडद्यावर तक्रार उमटली आणि यंत्र तसंच ताटकळत राहिलं. मुलीने ती वाचली. आईला मग तिने शब्द जपून वापरत समजावलं, "मेलेलं नाहीये. आपण कोण ते विसरलंय."

काकूंनी शिवणयंत्राचा दिवा ओढून टेबलावर आणला.

त्या दिव्याखाली मुलीने चिपचं काळं प्लॅस्टिक कानशीने घासलं, आतली दोन पाती उघडी केली, त्यांना नव्या सेलच्या तारा डागल्या. काकू चिमट्याने तारा धरून होत्या. जुनी डिस्क जाम झाली होती. मुलीने एका भंगारवाल्याकडून दुसरी मिळवली, ती फिरताना वाटाणे भरडल्यासारखी वाजायची. यंत्र चालवणारी कचेरीतली प्रणाली तर त्या जाम डिस्कबरोबरच गेली होती. तेव्हा मुलीने तिच्याच युनिक्स घराण्यातली, तेच हुकूम ओळखणारी दुसरी निवडली. जगभरची हौशी मंडळी ती असल्या म्हाताऱ्या यंत्रांसाठी अजून फुकट सांभाळतात. लॅपटॉपमधून तारेने ती यंत्रात उतरवायला बसली. पहिल्यांदा अर्ध्यावर अडकली. दुसऱ्यांदा डिस्कच दिसेना. केबल उलटी बसली होती. "बाबा असते तर..." मुलगी म्हणून गेली आणि जीभ चावली. बाबा शेजारीच होते, टेबलाच्या कडेवर ठोके देत.

रविवारी दुपारी पडद्यावर पांढऱ्या ओळी धावायला लागल्या आणि शेवटी एक छोटी खूण लुकलुकत थांबली. भाऊही आला होता, केंद्राचे कागद घेऊन. "म्हणजे आता भाऊजी यावर आपल्याशी बोलणार?"

"माहीत नाही, मामा."

काकूंनी त्रिवारांची खुर्ची पुढे ओढली. त्यांनी डावा हात कीबोर्डवर नेला. बोटं जरा फिरली, जागा शोधली, आणि चार इंग्रजी अक्षरं उमटली. सिंक. एंटर. हात मांडीवर.

मुलगी पुढे वाकली. "बाबा? काही लिहायचंय?"

सिंक. एंटर. हात मांडीवर.

"ताई," भाऊ हळूच म्हणाला. "स्पष्ट बोलू नये अशी वेळ आहे. पण डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं गं. तेच तेच."

मुलीचा चेहरा पडला. इतक्या खटपटीचं फळ एक शब्द, तोही पुन्हा पुन्हा. डिस्क अजून भरडत होती. लॅपटॉपमधल्या फायली तिने यंत्रात ओतल्या होत्या, त्या खाली उतरत होत्या. "राहू दे, बंदच करते," ती रडकुंडीला येऊन म्हणाली आणि मागच्या बटणाकडे हात नेला.

त्रिवारांनी तिचं मनगट पकडलं.

डाव्या हातात इतका जोर असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. त्यांनी मुलीकडे पाहिलं नाही. मान तिरकी, कान यंत्राकडे. डिस्क कुरकुरत होती तोवर मनगट सुटलं नाही. कुरकुर थांबली. मग त्यांनी तिचा हात उचलून, जड भांडं ठेवावं तसा, तिच्या मांडीवर ठेवला. 

"अगं, गिळत होतं ते," काकू म्हणाल्या.

तिसरा सिंक. एंटर. आता कुरकुर नव्हती. आता हॉल्ट लिहून मोकळं व्हायचं. पण त्रिवार लिहीनात. त्यांनी मान वळवली आणि बायकोकडे बघत बसले. भाऊ कुजबुजला, "अडकले का?" मुलीने त्याचा हात दाबला.

काकूंना कळायला तेवढाच वेळ लागला, जेवढा जिन्याच्या वळणावरून आवाज वर यायला लागतो. 

"या," त्या म्हणाल्या.

त्रिवारांनी हॉल्ट टाईप केलं. पडदा शांत झाला. आता वीज काढायला हरकत नाही, असं यंत्राने खाली लिहिलं.

भावाने कागदांची घडी घातली आणि खिशात ठेवली. जाताना उंबऱ्यावर घुटमळला. "भाऊजी, येतो," म्हणाला. नेहमी न सांगता निघणारा माणूस. त्रिवारांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. अजून दोन व्हायचे होते.

त्यानंतर त्रिवार घरीच राहिले. एक वाक्यही त्यांनी त्या यंत्रावर कधी लिहिलं नाही. डॉक्टरीणबाईंचं तेवढं खरं ठरलं. दुपारी काकू यंत्र चालू करून द्यायच्या, संध्याकाळी त्रिवार ते बंद करायचे, आणि मधे काकू शिवत असायच्या. घाईचं काम हातात असलं तरी तिसऱ्या सिंकला त्या पाय पेडलवरून उचलायच्या.

दुसऱ्या झटक्याने त्रिवारांना नेलं ते भरदुपारी, खुर्चीतच. माणसं आली, गेली. घर रिकामं झालं तेव्हा मुलीच्या लक्षात आलं की टेबलावर यंत्र अजून चालूच आहे. ती उठली.

"तू नको," काकू म्हणाल्या.

त्या खुर्चीत बसल्या. एका बोटाने अक्षरं शोधत लिहिलं, आणि हात मांडीवर ठेवला. डिस्क थोडी वाजली, थांबली. पुन्हा लिहिलं. थांबल्या. तिसऱ्यांदा लिहून झाल्यावर त्यांनी दाराकडे, जिन्याच्या वळणाकडे पाहिलं. बराच वेळ.

"या," म्हणाल्या, आणि हॉल्टची अक्षरं शोधायला लागल्या.